पॅलिएटिव्ह केंद्रात थेरपी डॉग न्यायचा आहे, गोव्यात तयारी कशी करावी?

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी. तिसवाडीत एक लहानसं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे (गंभीर आजारातला त्रास हलका करणारं), 12 खाटांचं. बहुतेक रुग्ण कॅन्सरचे, काही पक्षाघाताचे, आणि प्रत्येकासोबत घरचं एक माणूस मुक्कामाला. आठवड्यातून एकदा कुत्री घेऊन यायला त्यांचा होकार आहे. पण आधी नियम लेखी द्या, असं तिथल्या सिस्टर म्हणतात आणि ते रास्तच आहे.

कुत्री लॅब्राडॉर मिश्र, वय साडेतीन वर्षं, वजन 26 किलो, नसबंदी झालेली, पिल्लू असल्यापासून घरात. 'बस', 'पड', 'थांब', 'सोड' नीट ऐकते. माणसांवर फार जीव.

ती या कामाला योग्य आहे का हे कसं तपासायचं? आंघोळ, लशी, गोचिडांचं औषध यांचं वेळापत्रक काय ठेवायचं? एका रुग्णापाशी किती वेळ थांबायचं, खाटेवर चढू द्यायचं का? आणि सोबत राहिलेल्या नातेवाइकांकडे कुणी बघतच नाही, त्यांच्यासाठी काही करता येईल का? सुरुवात जूनमध्ये करायचा विचार आहे.

श्वानशिक्षक, म्हापसा

'माणसांवर जीव' हा गुण चांगलाच, पण तो पुरत नाही. माणूस दिसला की जिची शेपूट सगळं अंग हलवते, जी दोन पायांवर उभी राहते, ती कुत्री प्रेमळ असूनही वॉर्डात चालत नाही. इथे हवी ती आपणहून जवळ जाणारी आणि जवळ गेल्यावर सैल पडणारी. अनोळखी माणूस खुर्चीत गप्प बसलेला असताना ती स्वतः त्याच्याकडे जाते का, हे पहिल्यांदा बघा. तुम्ही ढकलल्यावर जात असेल तर तिला हे काम नको आहे, असंच समजा.

दुसरी गोष्ट दचकण्याची. दचकणं हा दोष नाही, सावरायला किती वेळ लागतो हे महत्त्वाचं. तिच्या मागे दहा फुटांवर स्टीलचं ताट पाडा. दचकली, वळून पाहिलं आणि काही सेकंदांत तुमच्या हातचा खाऊ घेतला, तर उत्तम. खाऊ नाकारला, टेबलाखाली गेली, किंवा नंतर पाच मिनिटं त्याच कोपऱ्याकडे बघत राहिली, तर अजून वेळ लागेल.

मग एकेक दिवस एकेक गोष्ट. सगळं एकाच रविवारी उरकू नका, कारण भीती साठत जाते आणि शेवटच्या चाचणीत कुत्री नापास झाली तर नक्की कशामुळे हे कळत नाही. काठी टेकत लंगडत येणारा माणूस. व्हीलचेअर, आधी उभी, मग हळू फिरणारी, मग शेजारून वेगाने जाणारी. चाकांवरचा सलाईन स्टँड. मास्क, टोपी आणि गाऊन घातलेली अनोळखी व्यक्ती. मोठ्याने खोकणारा माणूस, रडणारा माणूस. अवघडलेल्या हाताने डोक्यावर थापट्या मारणं, कान मुठीत धरणं, गळ्यात हात टाकून ओढणं (पक्षाघाताच्या रुग्णाची पकड घट्ट बसते आणि चटकन सुटत नाही). तिघाचौघांनी एकदम घेरणं. तुम्ही दाराबाहेर गेल्यावर अनोळखी माणसासोबत तीन मिनिटं थांबणं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जमिनीवर पडलेली वस्तू सोडणं. सरावाला बिस्किटाचा तुकडा वापरा, खरी गोळी कधीच नको. वॉर्डात खाटेखाली मॉर्फिनची किंवा साखरेच्या आजाराची गोळी पडलेली असू शकते, त्यामुळे 'सोड' हा शब्द दहापैकी दहा वेळा लागू पडायला हवा. नऊ चालत नाहीत.

फरशीचाही सराव करा. मातीच्या अंगणात वाढलेली कुत्री गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकवून चालते, घसरते आणि घसरण्याच्या भीतीने ताणात राहते. नखं कापून कानस फिरवा, पंजाच्या गाद्यांमधले केस कातरा. फायदा दुहेरी, कारण म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी पातळ असते आणि कुत्री नुसती पंजा देते तेवढ्यानेही ओरखडा उठतो. 'शेकहँड' शिकवला असेल तर तो विसरायला लावा.

अंतिम परीक्षा मालकाने घ्यायची नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयीन संसर्गतज्ज्ञांच्या 'शिया' या संस्थेने 2015 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात बाहेरच्या जाणकाराकडून औपचारिक मूल्यमापन आणि किमान दर 3 वर्षांनी फेरतपासणी सांगितली आहे. कुत्रा किमान 1 वर्षाचा हवा आणि 6 महिने एकाच घरात राहिलेला हवा, हेही त्यातच आहे. तुमची कुत्री दोन्हींत बसते.

ताणाच्या खुणा पाठच असू द्या. झोप नसताना जांभई, भूक नसताना ओठ चाटणं, डोळ्याचा पांढरा भाग कोपऱ्यातून दिसणं, मान वळवणं, ओली नसताना अंग झटकणं, अचानक केस गळणं, फरशीवर पंजांचे ओले ठसे, नेहमीचा खाऊ न घेणं. एखादी खूण दिसली तर त्या रुग्णापासून हळूच बाजूला व्हा. दोन-तीन एकत्र दिसल्या तर त्या दिवसाची भेट संपली. गुरगुरल्याबद्दल कधीच ओरडू नका. ओरडा खाल्लेली कुत्री पुढच्या वेळी गुरगुरत नाही, थेट तोंड टाकते.

पट्टा चार ते सहा फुटांचा, साधा. लांबणारा-आखडणारा रीळचा पट्टा नको, तो खाटेच्या पायात आणि सलाईनच्या नळीत अडकतो. गळा आवळणारी साखळी तर मुळीच नको.

आणि आज्ञा फक्त तुमच्या. वॉर्डात कुणी कोकणीत 'हांगा यो' (इकडे ये) म्हणेल, कुणी 'बस गे बाय', कुणी इंग्रजीत. तुमच्या शब्दाखेरीज ती हलणार नाही हे आधीच बसवलेलं असेल तर चारी बाजूंनी हाका आल्या तरी तिचा गोंधळ होत नाही.

पशुवैद्य, फोंडा

वरच्या उत्तराशी सहमत. आरोग्याचं मी लिहितो.

रेबीजची लस दरवर्षी, कार्ड सोबत. गोव्यात 2014 पासून मिशन रेबीजने राज्य सरकारसोबत लसीकरण आणि देखरेखीचं मोठं काम केलं आणि 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला. म्हणून सैल राहायचं नाही. नियंत्रित याचा अर्थ संपला असा नाही, आणि केंद्रातल्या प्रत्येक नातेवाइकाला तुमच्या कुत्रीचं कार्ड बघायचा हक्क आहे. डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिसच्या एकत्रित लशीत लेप्टोस्पायरोसिसचा भाग आहे ना, ते लेबलावर बघा. गोव्याच्या पावसात ही लस चुकवून चालत नाही. पहिल्यांदा देत असाल तर 3 ते 4 आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, नंतर दरवर्षी. लेप्टोचे प्रकार अनेक आहेत आणि लस सगळ्यांना अडवत नाही, तेव्हा पावसात साचलेल्या पाण्यात, शेताच्या बांधावर, उघड्या गटाराजवळ तिला सोडू नका. हे जंतू लघवीतून बाहेर पडतात आणि कुत्री वरून ठणठणीत दिसू शकते.

केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लस नाकात थेंब टाकून दिली असेल तर त्यात जिवंत जंतू असतात आणि लस घेतलेला कुत्रा काही आठवडे ते शिंकेतून सोडू शकतो. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांजवळ तोपर्यंत जायचं नाही. इतर कुठलीही लस दिली तरी चार-पाच दिवस भेट टाळा, अंग दुखत असतं.

गोचिडांच्या बाबतीत लोक एक चूक हमखास करतात. मानेवर टाकायचं औषध लावतात आणि दर आठवड्याला शाम्पूने आंघोळही घालतात. हे औषध त्वचेवरच्या तेलकट थरातून अंगभर पसरतं, वारंवार शाम्पू लावला की त्याचा असर आधीच उतरतो. शिवाय लावल्यावर दोन दिवस तो भाग माणसांनी हाताळू नये. थेरपीच्या कुत्र्याला तोंडावाटे द्यायची गोळी जास्त सोयीची. फ्लुरालॅनर साधारण 12 आठवडे चालतं, अफॉक्सोलॅनर महिनाभर. वजनाप्रमाणे गोळी बदलते, म्हणून आधी वजन करा. पूर्वी कधी आकडी आली असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय या गटातलं औषध देऊ नका.

जंताचं औषध दर 3 महिन्यांनी, आणि वर्षातून दोनदा विष्ठेची तपासणी. कुत्री किनाऱ्यावर फिरत असेल तर हुकवर्म या आतड्यातल्या जंतावर विशेष लक्ष.

आता खाण्याचं. शियाच्या सूचनांप्रमाणे गेल्या 90 दिवसांत कच्चं मांस खाल्लेला कुत्रा रुग्णालयात नेऊ नये. कारण साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू. कच्चं खाणारा कुत्रा स्वतः आजारी न पडता विष्ठेतून हे जंतू सोडत राहतो, तिथून ते केसांवर आणि केसांवरून हातांवर येतात. आपल्याकडे 'कच्चं मांस देत नाही' म्हणणाऱ्या घरातही बांगड्याची डोकी आणि कोंबडीची आतडी परसात टाकली जातात आणि कुत्री ती खाते. तेही कच्चंच. दुकानातले वाळवलेले कान आणि चघळायच्या काड्याही, शिजवलेल्या नसतील तर, याच नियमात येतात. शिजवलेला भात-मासे-चिकन चालतं, काटे काढून.

पावसाळ्यात त्वचा पुन्हा पुन्हा बघा. लॅब्राडॉरचे आतले केस दाट असतात, आंघोळीनंतर ते ओलेच राहिले तर खाली लाल, चिकट चट्टे येतात आणि अंगाला आंबूस वास सुटतो. नायटा असेल तर पूर्ण बरा होऊन डॉक्टरांनी लिहून देईपर्यंत भेट बंद, तो माणसाला सहज लागतो. आंघोळ सकाळी घाईत घालण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी घाला. टॉवेल, मग गार हवेचा ड्रायर, आणि शेपटीच्या मुळाशी व मानेखाली केस फाकवून बोट लावून बघा. तिथे कोरडं असेल तर सगळं कोरडं.

जूनबद्दल स्पष्ट सांगतो, नको. मान्सूनच्या सुरुवातीला गडगडाट होतो, वीज जाते, दारं आपटतात. नवख्या कुत्रीची पहिली भेट त्यात झाली तर त्या इमारतीचीच भीती मनात बसते. पावसाचे महिने सरावाला वापरा आणि चतुर्थीचे फटाके संपले की सुरू करा. पुढे दिवाळीत नरकासुराच्या आदल्या-नंतरच्या दिवसांतही सुट्टी.

सत्तरीकर

गोचिडांवरून एक जोड. सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत आणि तो रानातल्या गोचिडांमुळे पसरतो. तुमची कुत्री वाळपई किंवा म्हाऊस बाजूला पाहुणी म्हणून जाऊन काजूच्या बागांत फिरणार असेल, विशेषतः डिसेंबर ते मे, तर परतल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली बोटांनी चाचपून बघा. निदान तो आठवडा केंद्रात नेऊ नका.

वॉर्डसिस्टर

संसर्गाची बाजू मांडते, केंद्राला लेखी द्यायचं ते बहुतेक यातूनच निघेल.

'आमचा कुत्रा स्वच्छ आहे' या वाक्यावर कुठलीही सिस्टर विसंबणार नाही, विसंबू नये. कॅनडातल्या ऑन्टारिओत रुग्णालयांना भेट देणारे 102 निरोगी कुत्रे तपासले होते, 2006 मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यांतल्या 80 कुत्र्यांत माणसाला बाधू शकणारा किमान एक तरी जंतू सापडला, 58 कुत्र्यांत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जुलाब करणारा जंतू. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी कॅन्सरग्रस्त 45 मुलांच्या भेटी अभ्यासल्या, त्यात कुत्र्याशी जास्त लगट केलेल्या मुलांमध्ये एमआरएसए (नेहमीच्या अँटिबायोटिकांना न जुमानणारा जंतू) सापडण्याची शक्यता जास्त दिसली. पण भेटीआधी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या शाम्पूची आंघोळ आणि भेटीदरम्यान दर पाच-दहा मिनिटांनी क्लोरहेक्सिडिनचे पुसणे फिरवल्यावर हा धोका उतरला. म्हणजे कुत्रा बहुधा स्वतः उगम नसतो. एका रुग्णाच्या हातावरचं दुसऱ्याच्या हातावर नेणारा टॉवेल असतो. हा टॉवेल प्रत्येक रुग्णानंतर पुसायचा, एवढं डोक्यात ठेवलं की बाकीचे नियम आपोआप सुचतात.

आंघोळ 24 तासांच्या आत. क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू लावला तर दहा मिनिटं अंगावर राहू द्या, लगेच धुतला तर उपयोग नाही, आणि डोळे-कान सांभाळा. प्रत्येक रुग्णानंतर पाठ, डोकं आणि पंजे पुसा. कुत्रीच्या पंजांना आपलं हातांचं सॅनिटायझर लावू नका, कातडी फुटते. माणसांनी भेटीआधी आणि नंतर दोन्ही वेळा हात स्वच्छ करायचे. सॅनिटायझर लावल्यावर हात पूर्ण सुकल्याशिवाय कुत्रीला हात लावायचा नाही, नाहीतर ती तो चाटते. जुलाब असलेला रुग्ण वॉर्डात असेल तर साबण-पाणीच हवं. क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत.

कुणाकडे जायचं नाही हे सिस्टर ठरवतील, तुम्ही नाही, आणि भेटीच्या अर्ध्या तासापूर्वी ताजी यादी घ्या. वेगळं ठेवलेले रुग्ण, जुलाब-उलट्या, संसर्गजन्य क्षय, उघडी किंवा झाकता न येणारी जखम, पांढऱ्या पेशी खूप उतरलेले, कुत्र्याची ॲलर्जी किंवा भीती असलेले, भ्रमात हातपाय झाडणारे. ज्यांची प्लीहा काढलेली आहे त्यांनाही वगळा. कुत्र्याच्या लाळेत कॅप्नोसायटोफेगा नावाचा जंतू असतो, तो अशा माणसांना फार घातक ठरू शकतो. चाटणं सगळ्यांसाठीच बंद. प्रेमाने कुणी तोंड पुढे केलं तरी हँडलरने, म्हणजे कुत्री सांभाळणाऱ्याने, तिची मान हळूच वळवायची.

खाट. पहिले तीन महिने चढवूच नका. खाट सगळ्यांत खालच्या उंचीवर आणून चाकांना ब्रेक लावा, कुत्री शेजारी बसली की 26 किलोच्या लॅब्राडॉरचं डोकं बरोबर हाताखाली येतं. रुग्णाचा जो हात चांगला चालतो त्या बाजूने. लघवीची पिशवी, ड्रेनची बाटली, ऑक्सिजनची नळी ज्या बाजूला असेल तिच्या विरुद्ध बाजूने जायचं, पिशवी खाली लोंबत असते आणि कुत्रीचं नाक थेट तिथेच जातं. पुढे कधी रुग्णाने मागितलं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तर खाली पाणी न झिरपणारं अंडरपॅड पसरून. एक रुग्ण, एक अंडरपॅड, मग कचऱ्यात.

येण्याजाण्याचा मार्ग ठरलेला हवा. स्वयंपाकघर, औषधांची खोली, ड्रेसिंगची खोली या वाटेत येता कामा नयेत. आवारात भटके कुत्रे असतात, गेटवर उतरवलं की तिथेच भांडण जुंपतं, म्हणून गाडी थेट पोर्चमध्ये. आत येण्याआधी शी-शू उरकलेली असावी. तरी आत घडलंच, तर आधी टिपून घ्यायचं, मग 1 टक्का हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच. लघवीवर थेट ब्लीच ओतलं तर घसा जाळणारा वायू सुटतो आणि वॉर्डात दमेकरी असतात. फरशी सुकेपर्यंत कुत्रीला तिथून न्यायचं नाही.

ओरखडा किंवा दात लागलाच, तर कितीही किरकोळ वाटला तरी साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं, सिस्टरना सांगायचं, नोंदवहीत लिहायचं. रक्त न आलेला ओरखडासुद्धा रेबीजच्या वर्गवारीत दुसऱ्या वर्गात मोडतो, तेव्हा लस द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. कुत्री 10 दिवस घरी निरीक्षणाखाली. लपवाछपवी झाली की कार्यक्रम कायमचा बंद होतो.

मांडवीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. परसातल्या माशांच्या डोक्यांबद्दल घरी कडक सांगावं लागणार, ते 90 दिवस आजपासून मोजते. वेळेचं अजून कुणी सांगितलं नाही. आणि आपली स्वतःची कुत्री भेटायला आणता येईल का, असं तिथले दोघे रुग्ण विचारतायत.

समुपदेशक, मडगाव

वेळ. एका रुग्णापाशी 10 ते 15 मिनिटं, एकूण भेट तासाच्या आत. त्याला आधार आहे. 2007 मध्ये अमेरिकेत हृदय निकामी होत असलेल्या 76 रुग्णांचा अभ्यास झाला. काहींकडे स्वयंसेवक कुत्रा घेऊन गेला, काहींकडे नुसताच स्वयंसेवक गेला, काहींकडे कुणीच नाही. भेट होती 12 मिनिटांची. कुत्र्यासोबतच्या गटात फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब, ताणाची संप्रेरकं आणि चिंता जास्त उतरली. म्हणजे बारा मिनिटं पुष्कळ झाली. तुमच्या 12 खाटांपैकी एका वेळी चार, फार तर पाच. सुरुवातीचे दोन महिने पंधरवड्यातून एकदा, अर्धा तास, दोन किंवा तीन रुग्ण. सकाळी राउंड आणि ड्रेसिंग असतं, दुपारी जेवून लोक पडतात, तेव्हा चहानंतर साडेचारचा सुमार बरा. उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसलं तरच तिला चालवा.

आणखी एक फरक लेखी कागदात स्पष्ट हवा. तुम्ही करणार ती भेट आहे, उपचार नव्हे. फिजिओथेरपिस्ट ठरवतो की अमुक रुग्णाने उजव्या हाताने वीस वेळा ब्रश फिरवायचा, मोजतो, फाइलमध्ये लिहितो, तेव्हा त्याला उपचार म्हणायचं. आपल्याकडे दोन्हींना सरसकट 'डॉग थेरपी' म्हणतात आणि मग नातेवाइकांच्या अपेक्षा भलत्याच वाढतात. कुत्रीने आजार हटत नाही. दुखणं, एकटेपणा, वाट बघणं यांतला थोडा भार काही वेळ उतरतो, आणि या वॉर्डात तेवढंही फार मोलाचं असतं.

भेट कशी करायची? दारात थांबून रुग्णालाच विचारा, 'येऊ का?' मुलाला किंवा सुनेला नाही, रुग्णाला. बोलता येत नसेल तर डोळ्यांची उघडझाप किंवा हात. नाही म्हटलं तर 'बरं' म्हणून पुढे, आग्रह नको. इथे आलेल्या माणसाच्या हातात नकार देण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं, त्याला तेवढा नकार देऊ द्या. शेजारच्या खाटेलाही विचारा. काही मुस्लिम घरांत कुत्र्याची लाळ लागणं वर्ज्य मानतात, काही घरांत देवाच्या वस्तू उशाशी असतात. पडदा ओढून किंवा रुग्णाला व्हरांड्यात आणून मार्ग निघतो.

फोटो नकोत. स्वतःच्या मोबाइलवर तर नाहीच.

नातेवाइकांबद्दल तुम्ही विचारलंत, ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. महिना-दीड महिना बाकावर झोपणारी मुलगी डॉक्टरांसमोर रडत नाही, वडिलांसमोर तर नाहीच. तिच्यासाठी शेवटची 15 मिनिटं राखून ठेवा. वॉर्डाबाहेर, व्हरांड्यात किंवा अंगणात, सावलीत एक चटई. कुत्रीला 'पड' सांगा, तुम्ही शेजारी जमिनीवर बसा, पट्टा सैल ठेवा. कुणाला बोलवू नका. लोक आपणहून येतात, आधी उभे राहतात, मग बसतात, मग हात लावतात. तुमचं काम गप्प राहण्याचं. 'कसे आहेत बाबा?' विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर त्यांनी दिवसभरात दहा जणांना दिलेलं असतं. 'होईल सगळं ठीक' हे तर कधीच म्हणायचं नाही. विचारायचंच तर 'तुमच्याकडे आहे का सुणें (कुत्रं)?' एवढं विचारा. बहुतेक घरांत असतं किंवा होतं, आणि त्या कुत्र्याबद्दल बोलता बोलता माणूस घराबद्दल बोलू लागतो. रडू आलं तर कुत्रीला आणखी जवळ ढकलू नका, ती राहिली तर राहू दे. काही कुत्री रडण्याने अस्वस्थ होतात, ते वर सांगितलेल्या खुणांवरून कळेल. एखाद्याचं बोलणं फार जड वाटलं तर स्वतः समुपदेशन करायला जाऊ नका, केंद्रातल्या सिस्टर किंवा डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा.

लहान मुलं सोबत असतील तर एका वेळी एक, बसून, आणि हात पाठीवरून शेपटीच्या दिशेने. डोक्यावरून येणारा हात कुत्र्यांना आवडत नाही. मिठी नाही.

रुग्णाचा स्वतःचा कुत्रा ही वेगळी गोष्ट. त्याची परीक्षा झालेली नसते, आणि ओळखीच्या माणसाला वेगळ्याच वासात, नळ्या लावलेला बघून तो बावरू शकतो, खाटेवर झेपावू शकतो. तरी शेवटच्या दिवसांत याची किंमत फार मोठी, त्यामुळे नाही म्हणू नका, वाट काढा. डॉक्टरांची त्या एका भेटीपुरती लेखी परवानगी, लशींचं कार्ड, आदल्या दिवशी आंघोळ, पट्टा धरायला रुग्णाखेरीज दुसरं मोठं माणूस, इतर कुठल्याही रुग्णाला न भेटता थेट आत आणि थेट बाहेर. जमलं तर तळमजल्यावरची खोली किंवा अंगण. आत येण्याआधी रुग्णाने वापरलेलं टॉवेल किंवा लुंगी बाहेरच हुंगायला द्या, कुत्रा पुष्कळ शांत होतो. तुमची कुत्री त्या दिवशी आणू नका.

वॉर्डसिस्टर

कागदाबद्दल राहिलं होतं. एक पान पुरे. वर कुत्रीचं नाव, वय, वजन, शेवटच्या लशींच्या आणि जंताच्या औषधाच्या तारखा, पशुवैद्याचं 30 दिवसांच्या आतलं प्रमाणपत्र, मूल्यमापन कुणी आणि कधी केलं. खाली केंद्राच्या डॉक्टरांची आणि संसर्ग नियंत्रण बघणाऱ्या सिस्टरची सही. पाळीव प्राण्याच्या विम्यात तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेचा समावेश आहे का, ते विमा घेण्याआधीच वाचून घ्या. प्रत्येक भेटीला वेगळी ओळ: आत येण्याची-जाण्याची वेळ, कुठल्या खाटांपाशी गेलात, काही घडलं का. पुढे एखादा संसर्ग निघाला तर माग काढायला ही ओळच उपयोगी पडते. रुग्णांची नावं तुमच्या वहीत नकोत, खाटेचा क्रमांक पुरतो.

तुम्हाला सर्दी-ताप असेल तर तुम्हीही यायचं नाही. कुत्री ठणठणीत आणि हँडलर शिंकतोय, असं पुष्कळदा होतं.

आणि चतुर्थीनंतर पहिल्यांदा याल तेव्हा कुत्री घरी ठेवून या. तासभर वॉर्डात बसा, कुठली ट्रॉली किती वाजता येते, कुठलं दार आपटतं, लिफ्टपाशी गर्दी कधी असते, कुणाच्या खाटेखाली पिशवी लोंबते, हे बघून घ्या. कुत्रीला दुसऱ्या भेटीला आणा.